नऊ संकल्प, एक घर : एका मोडलेल्या जानेवारीचं प्रकरण

त्रेचाळीस वर्षांच्या एका नोकरदार बाईंनी ३१ डिसेंबरच्या रात्री नव्या डायरीत नऊ संकल्प लिहिले आणि जानेवारी संपायच्या आत ते सगळे मोडले. एवढंच असतं तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण त्याच घरात त्यांच्या नवऱ्याने आदल्या वर्षी केलेला व्यायामाचा संकल्प मात्र वर्ष उलटून गेलं तरी टिकून होता. घरात सगळ्यांचं मत एकच : त्याच्यात चिकाटी आहे, हिच्यात नाही. बाईंचं स्वतःचंही तेच मत होतं. हे मत कितपत खरं आहे, हे तपासायचं म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

(हे कुणा एका घराचं हुबेहूब चित्र नाही. सल्ल्यासाठी येणाऱ्या माणसांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण बेतलं आहे.)

घर चौघांचं. बाई विमा कंपनीत दावे तपासण्याच्या विभागात, काम दिवसभर खुर्चीतलं. नवरा एका कारखान्याच्या खरेदी विभागात. मुलगी तेरा वर्षांची. सासूबाई पंच्याहत्तरीच्या, गुडघ्यांनी अडलेल्या. त्यांच्या डोळ्यांत दिवसातून तीनदा औषधाचे थेंब घालावे लागतात. पैशाची ओढाताण नाही, मोठी भांडणं नाहीत. मला भेटायला आल्या तेव्हा बाईंनी सांगितलेली तक्रार अशी : "सर, मला शिस्तच नाही. काहीतरी उपाय सांगा." सोबत डायरी आणली होती.

यादी

पाचला उठायचं. पाऊण तास चालायचं. वीस मिनिटं ध्यान. रोज वीस पानं वाचायची. झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं डायरी. आईला रोज फोन. अर्धवट सोडलेला ऑनलाइन कोर्स, रोज अर्धा तास. मोबाइल कमी. चिडायचं नाही.

यातलं एकही कलम वेडगळ नाही. आणि नव्या वर्षाचा मुहूर्त धरणं हेही, लोक हसतात तितकं पोकळ नसतं. १ जानेवारीला आकाशात विशेष काही घडत नाही, इ. स. पू. १५३ पासून रोमचे नवे कॉन्सल (वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी) त्या दिवशी पदभार घेऊ लागले आणि ती तारीख रुजली, इतकंच. तरीही माणसाला अशी रेघ लागते. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की आठवडा, महिना किंवा वर्ष नव्याने सुरू होताना लोकांची व्यायामशाळेतली हजेरी आणि वजन कमी करण्याविषयीची शोधाशोध दोन्ही वाढतात. जॉन नॉरक्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास तर संकल्पाच्या बाजूनेच बोलतो : ज्यांनी नववर्षाचा संकल्प केला होता त्यांतले ४६ टक्के सहा महिन्यांनंतरही त्यावर टिकून होते, तीच गोष्ट बदलायची इच्छा असूनही संकल्प न केलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. तेव्हा मुहूर्ताला दोष देऊन या प्रकरणात काही हाती लागलं नसतं.

मी कागद घेतला आणि यादीसमोर मिनिटं मांडली. चालणं पंचेचाळीस, ध्यान वीस, वाचन साधारण तीस, डायरी पंधरा, आईचा फोन पंधरा, कोर्स तीस. बेरीज १५५ मिनिटं, म्हणजे दोन तास पस्तीस मिनिटं. रोज. बाई विम्याचे दावे तपासतात, आकड्यांत वावरतात, पण ही बेरीज त्यांनी केली नव्हती. कोणीच करत नाही म्हणा.

हे दोन तास पस्तीस मिनिटं कुठून येणार होते? एरवी त्या सव्वासहाला उठत. पाचला उठल्या तर सव्वा तास मिळतो. उरलेला एक तास वीस मिनिटं "मोबाइल कमी" या कलमातून निघेल असं गृहीत होतं. पण त्या झोपत होत्या रात्री सव्वाबाराला. पाचला उठायचं तर झोप पावणेपाच तास. प्रौढ माणसाने रात्री किमान सात तास झोपावं, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची २०१५ ची शिफारस आहे. त्या हिशेबाने त्यांना दहाला अंथरुणावर असायला हवं होतं. दहा वाजता त्या काय करत असतात, हे विचारल्यावर त्या थोडं थांबून म्हणाल्या, "ओटा आवरत असते."

म्हणजे ही यादी दुसऱ्याच्या खात्यावर फाडलेल्या चेकसारखी होती. सही यांची, शिल्लक भलतीकडे.

जानेवारीत काय झालं

चार तारखेपर्यंत रजा होती, तोवर सगळं सुरळीत. पाच तारखेला ऑफिस सुरू झालं तेव्हा वाचन आणि कोर्स गळाले. बारा तारखेला मुलीला ताप आला, रात्री दोनदा उठावं लागलं, सकाळी गजर बंद करून त्या झोपल्या. चालणं चुकलं म्हणून ध्यानाला बसल्या नाहीत. दोन्ही चुकलं, मग डायरीत लिहायचं काय? डायरीही बंद. जॅनेट पॉलिवी आणि पीटर हर्मन यांनी आहार-नियंत्रण करणाऱ्यांत हे वागणं बारकाईने पाहिलं आहे : एकदा मर्यादा ओलांडली की माणूस "आता काय, गेलंच" म्हणून उरलेलंही सोडून देतो.

बाईंच्या डोक्यात "एकवीस दिवसांत सवय लागते" हे पक्कं बसलेलं होतं. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या एका निरीक्षणातून पसरला. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीसेक दिवस लागतात, असं त्याचं म्हणणं होतं. पहाटे उठण्याशी त्याचा संबंध नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे केलेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला लागणारा काळ निघाला सरासरी ६६ दिवस, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते : मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात लक्षणीय फरक पडला नाही.

एरवी मी हे सांगून, "बारा तारखेचं मनावर घेऊ नका, तेरापासून पुन्हा सुरू करा" असं म्हटलं असतं. इथे त्याने काही साधलं नसतं. तेरा तारखेलाही ओटा दहालाच आवरायचा होता.

वही

संकल्पांचं नाव काढायचं नाही, असं ठरवून मी त्यांना एक आठवडा फक्त नोंद ठेवायला सांगितलं. साधी वही, अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन, त्यात जे केलं ते. चांगलं-वाईट काही लिहायचं नाही.

एक चौकोन इथे जसाच्या तसा देतो. मंगळवार, संध्याकाळी ७ ते ७.३० : "गॅसवर स्वयंपाक. मुलीची दोन गणितं. आईंच्या डोळ्यांत औषध (उशीर झाला). ऑफिसचा फोन. इस्त्रीचे कपडे मोजले." अर्ध्या तासात पाच कामं, आणि पाचही एकमेकांत घुसलेली. साडेसहा ते साडेदहा या चार तासांतल्या बहुतेक चौकोनांची हीच गत. पूर्ण आठवड्यात त्या चार तासांत एकही चौकोन असा नव्हता की ज्यात फक्त त्यांचं स्वतःचं काही असेल.

चिडचिडही नोंदवली गेली, न विचारता. जवळजवळ सगळी सात ते आठच्या दरम्यान. म्हणजे "चिडायचं नाही" हा संकल्प स्वभावाबद्दलचा वाटत होता, पण तो प्रत्यक्षात एका तासाबद्दलचा होता. अशा नकारार्थी संकल्पांची एक अडचण अशीही की ते करायचे कसे, हेच कळत नाही. स्वीडनमधल्या हजाराहून अधिक लोकांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही "करायचं" ठरवलेल्यांपैकी ५८.९ टक्के वर्षअखेर स्वतःला यशस्वी म्हणत होते. काही "टाळायचं" ठरवलेल्यांपैकी ४७.१ टक्के.

मग रात्रीचा मोबाइल. अकरा ते सव्वाबारा, रोज, न चुकता. याला त्या स्वतः "व्यसन" म्हणत होत्या. उट्रेख्त विद्यापीठातल्या फ्लोर क्रूसे यांनी २०१४ साली झोपायची वेळ लांबवण्याच्या या सवयीचा अभ्यास केला. बाहेरचं काही कारण नसताना माणूस ठरल्यापेक्षा उशिरा झोपतो, अशी त्यांची मांडणी. "कारण नसताना" हे इथे मला पटलं नाही. मोबाइलवर नेमकं काय बघता, असं विचारल्यावर बाईंना धड सांगता येईना. मग म्हणाल्या, "तेवढाच वेळ मला कुणी हाक मारत नाही."

दिवसात स्वतःचा असा एकच सव्वा तास, आणि यादीतल्या दोन कलमांनी (लवकर उठणं आणि मोबाइल कमी) नेमका त्याच्यावर घाला घातला होता. तो संकल्प मोडला यात नवल नाही. टिकला असता तर मला जास्त काळजी वाटली असती.

नवऱ्याची चिकाटी

आता दुसरी बाजू. नवरा आठवड्यातून पाच दिवस व्यायामशाळेत जात होता, साडेसहा ते आठ. वर्षभर. मी त्यांनाही भेटायला बोलावलं. गृहस्थ मोकळे, बायकोबद्दल आस्था असलेले. इतका नेम कसा टिकला, असं विचारल्यावर त्यांनी जे उत्तर दिलं त्यात या प्रकरणाचं सगळं मर्म होतं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. म्हणाले, "सोपं आहे हो. मी सहाला येतो, कपडे बदलतो. ती आली की मी निघतो."

ती आली की मी निघतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर ज्याला "अमुक झालं की तमुक करीन" या साच्यातली योजना म्हणतात, तिचा याहून चोख नमुना मिळणार नाही. गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात नुसत्या इच्छेपेक्षा अशी योजना करणारे बऱ्यापैकी पुढे राहिलेले दिसतात. नवऱ्याने हे कुठे वाचलं नव्हतं. पण त्याच्या "अमुक"मध्ये रोज साडेसहाला दारात उभी राहणारी एक व्यक्ती होती. सासूबाईंचं औषध, मुलीचं गणित, गॅस हे सगळं तिने उचललं की त्याचा दीड तास मोकळा. व्यायाम त्याचाच, घामही त्याचाच. वेळ मात्र दुसऱ्याने रिकामा करून दिलेला.

एकाच घरातल्या दोन संकल्पांची तुलना स्वभावावरून का करू नये, ते इथे दिसतं. संकल्प माणूस एकटा करतो, वेळ घराच्या सामाईक खात्यातून निघतो. तिथे ज्याच्या नावावर आधीच शिल्लक असते, त्याला आपण शिस्तीचा म्हणतो. (एकट्या राहणाऱ्यांना हे लागू नाही असं वाटेल. त्यांचा वेळ बहुधा ऑफिसच्या सामाईक खात्यात असतो.)

बैठक

तिघांची बसून बोलणी झाली. वही टेबलावर उघडी. नवऱ्याने चौकोन वाचले, दोन पानं उलटली.

"अगं, मग सांगायचंस ना. मी केलं असतं."

"सांगणं हेही कामच आहे रे. कुणाला काय, कधी सांगायचं, ते लक्षात ठेवणं माझ्याकडेच राहतं."

यावर मी काही बोललो नाही. यापेक्षा नेमकं मला बोलता आलं नसतं. नवऱ्याने थोडी हुज्जत घातली : ऑफिसमध्ये त्यालाही ताण असतो, व्यायाम डॉक्टरांनी सांगितलाय, शनिवार-रविवारी बाहेरची सगळी कामं तोच करतो. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. व्यायाम बंद करा असं कुणी म्हणतच नव्हतं.

ठरलं ते अगदीच थोडं. नवऱ्याने साडेसहाऐवजी सातला निघायचं. मधला अर्धा तास घर त्याच्याकडे : आईचे थेंब, मुलीचा अभ्यास, स्वयंपाकाची पूर्वतयारी. बाईंनी ऑफिसातून आल्यावर घरात शिरायचंच नाही. फाटकापासूनच वळायचं आणि अर्धा तास चालायचं. आधी घरी येऊन, पर्स ठेवून, मग निघू, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मी हाणून पाडलं. एकदा उंबरा ओलांडला की त्या चौकोनात पाच कामं येणार, हे वहीतच लिहिलेलं होतं.

अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. चाल भरभर असेल तर खालची रेघ गाठली जाते. यादीतली बाकी आठ कलमं खोडली. पाचला उठणं खोडताना बाईंना वाईट वाटलं, कोर्स खोडताना मात्र त्यांचा चेहरा उजळला. तो कोर्स त्यांना कधी करायचाच नव्हता, ऑफिसातल्या सगळ्यांनी केला म्हणून तो यादीत आला होता.

एक सूट आधीच लिहून ठेवली : आठवड्यातल्या पाचांपैकी एक दिवस कारण न देता चुकवता येईल. मरिसा शरीफ आणि सुझन शू यांच्या २०१७ च्या प्रयोगांत, ध्येय मोठं ठेवून अडीअडचणीसाठी थोडे दिवस राखून ठेवणारे लोक, अशी सूट नसलेल्यांपेक्षा जास्त नेटाने टिकले. बारा जानेवारीसारख्या रात्री पुन्हा येणारच होत्या.

काय बिघडलं

पहिल्याच आठवड्यात फोन. चालायला लागून पाच मिनिटं होत नाहीत तोच : "अगं, थेंबांची बाटली कुठेय?" "डब्याचं झाकण?" "हिच्या गणिताचं पुस्तक कोणतं?" काम नवऱ्याकडे गेलं होतं, पण कामाची माहिती बाईंच्या डोक्यातच होती. यावर तोडगा मुलीने काढला. तिने एका कागदावर घरातली कुठली वस्तू कुठे असते ते लिहिलं, कपाटाच्या दारावर चिकटवलं आणि वर मोठ्या अक्षरात टाकलं : "बाबा, आधी हे वाचा." फोन दोन आठवड्यांत जवळजवळ थांबले.

सासूबाईंना हे रुचलं नाही. "दिवसभर बाहेर असतेस, आल्या आल्या पुन्हा बाहेर?" हे त्यांनी सुनेला विचारलं, मुलाला दीड वर्षात कधी विचारलं नव्हतं. बाईंनी उलट उत्तर दिलं नाही. नवऱ्याने दिलं, "आई, ते मी सांगितलंय तिला." हे अर्धसत्य होतं, पण उपयोगी पडलं.

खरा गुंता मार्चमध्ये सुरू झाला. नवरा सातऐवजी पावणेसातला निघू लागला. "येतेच आहे ती." मग कधी सहा चाळीस. बाईंच्या चालण्याला घड्याळ लागलं, त्या धापा टाकत परत येऊ लागल्या. बोलून ते पुन्हा सातवर आलं. पण सातला व्यायामशाळेत गर्दी, सोबतीचे मित्र निघून गेलेले. एप्रिलमध्ये त्यांचे पाच दिवस तीनवर आले, मेमध्ये कधी दोन. मला भेटले तेव्हा म्हणाले, "काय करणार, वेळच मिळत नाही."

अर्ध्या तासाच्या फरकाने जी चिकाटी निम्म्यावर येते, तिच्यातला किती भाग स्वभावाचा होता आणि किती सोयीचा, याचा अंदाज यावरून बांधता येतो. मी हे त्यांना सुनावलं नाही. त्यांच्याही अंगात काही आळस शिरला नव्हता. आत्तापर्यंत न दिसणारी किंमत फक्त दिसायला लागली होती.

सहा महिन्यांनी

जूनअखेर बाई आठवड्यातून चार-पाच दिवस चालत होत्या. ऑफिसात तिमाही हिशेबाच्या दिवसांत खंड पडला, नंतर पुन्हा सुरू झालं. यादीतून खोडलेला आईचा फोन परत आला, न ठरवता : चालताना त्या तिला फोन करतात, रोज नाही, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त. रात्रीचा मोबाइल सुटलेला नाही. अकराऐवजी साडेदहाला हातात येतो आणि बहुतेक दिवस साडेअकराच्या आत खाली ठेवला जातो. त्यावर कुणी काही उपाय केला नव्हता. वाचन जिथे होतं तिथेच आहे. पहाट त्यांनी अजून पाहिलेली नाही. चिडचिडीबद्दल मुलीची साक्ष अशी : "आधी आई सातला ओरडायची, आता आठला ओरडते."

ही सुधारणा म्हणायची का? माझ्या मते, हो. पण एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही : घरातला एकूण व्यायाम मोजला तर तो वाढला की नाही, सांगता येणार नाही. एकाचा वाढला, दुसऱ्याचा घटला. सासूबाईंचे थेंब मात्र आता वेळेवर पडतात.

नवऱ्याने आता पहाटे साडेपाचला जाण्याचा प्रस्ताव मांडला आहे. मुलीची शाळेची तयारी सहाला सुरू होते. ती कोण बघणार, यावर तो अडला आहे. "तू बघशीलच ना" असं ते म्हणाले आणि बाईंनी वही त्यांच्याकडे सरकवली. पुढच्या भेटीपर्यंत चौकोन भरायचे आहेत ते त्यांनी.